भिंतीवर मांडलेली चार वर्षे
खान्देशातील कला महाविद्यालयांची प्रदर्शने आणि आपली घरे

उन्हाळा लागायच्या सुमारास खान्देशातील कला महाविद्यालयांत एक वेगळीच धावपळ सुरू होते. वर्गातली बाके बाहेर निघतात, भिंतींना पांढरा हात दिला जातो, चित्रांना माउंट चढतात, चौकटी ठोकल्या जातात. कोणी मातीकामावरची धूळ पुसत असतो, तर कोणी नावाच्या चिठ्ठ्या कापत बसलेला असतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे हे प्रदर्शन असते. जळगाव शहरातले ओजस्विनी असो, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे सप्तपुट ललित कला भवन असो किंवा चोपड्याच्या भगिनी मंडळाचे ललित कला केंद्र असो, आपल्या भागात चित्रकला शिकवणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांत आपल्या समाजाची मुले-मुलीही शिकतात. या लेखाचा प्रश्न एवढाच आहे : त्या प्रदर्शनाला त्यांच्या घरचे लोक जातात का?

डॉक्टर झालेल्या मुलाचा पदवीदान समारंभ असला की अख्खे खानदान गाडी करून जाते. चित्रकलेच्या प्रदर्शनाला मात्र बहुतेक वेळा मित्रच असतात. अब्बा दुकानावर असतात, अम्मीला वाटते तिथे आपल्याला काय कळणार. घरात विषय निघालाच तर “ते चित्रांचं काय ते चाललंय” एवढ्यावर मिटतो. हा दुरावा का आहे आणि तो मिटवणे का गरजेचे आहे, हे नीट पाहायला हवे. कारण या प्रदर्शनाच्या आठवड्यातच त्या मुलाच्या किंवा मुलीच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय होत असतो.

प्रदर्शन म्हणजे उघडी उत्तरपत्रिका

इतर विद्याशाखांत उत्तरपत्रिका बंद गठ्ठ्यात जाते, आईबापांना फक्त गुण दिसतात. चित्रकलेत तसे नाही. विद्यार्थ्याने वर्षभर काय केले ते सगळे भिंतीवर असते, आणि ते कोणीही वाचू शकतो. पहिल्या वर्षाच्या फाउंडेशनमध्ये हाताला वळण लावले जाते. मुक्तहस्तचित्र, स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, मातीकाम असे थोडे थोडे सगळेच करावे लागते. त्यानंतर वाट फुटते. कोणी रेखा व रंगकला घेतो, कोणी उपयोजित कला घेतो, कोणी शिल्पकलेकडे किंवा वस्त्रसंकल्पाकडे वळतो. शिक्षक व्हायचे असेल तर ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षक पदविका आहे. ज्यांना बी.एफ.ए.ची पदवी हवी, त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होते. मुंबईत सर जे. जे. कला महाविद्यालय व उपयोजित कला महाविद्यालय, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय चित्रकला महाविद्यालये आहेत.

या सगळ्याची सुरुवात बहुतेक घरांत नकळत होऊन गेलेली असते. सातवी-आठवीत मुलगी एलिमेंटरीला बसते, मग इंटरमिजिएट देते. घरच्यांचे लक्ष दहावीच्या निकालात मिळणाऱ्या वाढीव गुणांवर असते. पण त्या परीक्षेत काय विचारतात ते कधी पाहिले आहे का? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. म्हणजे समोरची वस्तू नीट पाहणे, पाहिलेले लक्षात ठेवणे, नक्षी रचणे, कंपास-पट्टीने अचूक आकृती काढणे आणि सुबक अक्षर लिहिणे. यातले शेवटचे तीन हुनर तर आपल्या मशिदींच्या भिंतींवर आणि जुन्या हस्तलिखितांत शतकानुशतके जपलेले आहेत.

आपल्या दारातला वारसा

खान्देशचा इतिहास फारूकी सुलतानांशिवाय पुरा होत नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६०१ पर्यंत त्यांची सत्ता इथे होती. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे, तिथे या घराण्याचे मकबरे आहेत. त्यांतल्या अष्टकोनी मकबऱ्याच्या दगडावरची नक्षी आजही पाहण्यासारखी आहे. पुढे त्यांची राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. ते शहर आज मध्य प्रदेशात असले तरी रावेरहून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेले लेख आहेत. एक अरबीत आहे आणि एक संस्कृतात, देवनागरी अक्षरांत. दोन लिप्या, एकाच मशिदीचा दगड. अक्षरलेखन शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हा धडा पुस्तकात शोधायची गरज नाही, सकाळच्या गाडीने जाऊन तो पाहता येतो.

दुसरा वारसा अजिंठ्याचा. ही लेणी जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहेत. ती बौद्ध आहेत, पण ती चित्रे जगापुढे आणण्याच्या कामात मुस्लिम चित्रकारांचा वाटा आहे आणि तो आपल्याच घरांत फारसा कोणाला ठाऊक नसतो. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षे खपून नकला केल्या, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्या बहुतेक जळाल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी त्या कामातच तयार झाले. त्यांच्याही नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. तिसऱ्यांदा लेडी हेरिंगहॅम आल्या, १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत. फर्दापूरला मुक्काम पडला. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आले, आणि हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोन तरुण चित्रकार आले. अंधाऱ्या लेण्यांत, मचाणावर उभे राहून, वटवाघळांच्या वासात या मंडळींनी रेघेला रेघ जुळवली.

सय्यद अहमद त्यानंतर अजिंठ्याशी जोडलेलेच राहिले. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी. याच खात्याने इटलीहून तज्ज्ञ बोलावून भिंतीवरून सुटत चाललेल्या चित्रांची डागडुजी करून घेतली, आणि यझदानींनी अजिंठ्यावर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९३० मध्ये आला आणि शेवटचा १९५५ मध्ये. पंचवीस वर्षे एका कामाला दिली! भारत सरकारने त्यांना १९५९ मध्ये पद्मभूषण दिले. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानातली कला इतक्या अदबीने जपणारी ही माणसे आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

फैजपूरचे प्रदर्शन

प्रदर्शन हा शब्द खान्देशला नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि इथल्या तयारीचा मोठा भार खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी उचलला होता. नगर सजवण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. तेच नंदलाल, जे सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी सय्यद अहमद यांच्यासोबत फर्दापूरला राहिले होते. गांधीजींची अट अशी की, खेड्यात जे मिळते त्यातूनच सगळे उभे राहिले पाहिजे. नंदलालांनी बांबू, गवत, चटया, टोपल्या असल्या साध्या वस्तूंतून कमानी आणि मंडप उभे केले. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी त्यांचे मनापासून कौतुक केले.

ज्या खिरोद्याने फैजपूरला हातभार लावला, त्याच गावात पुढे चित्रकलेची संस्था उभी राहिली, हा योगायोग म्हणायचा की पेरलेले उगवले म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे. केळीच्या बागांच्या या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तडवी भिल्लांच्या वस्त्यांजवळ चित्रकला शिकण्याची सोय आहे. आपल्या तडवी भावंडांच्या मुलांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ही लहान गोष्ट नाही.

चाळीसगावचे केकी मूस यांचेही नाव इथे घेतले पाहिजे. हे पारशी छायाचित्रकार (१९१२–१९८९) इंग्लंडहून शिकून आले आणि चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात आयुष्यभर जवळजवळ एकांतात राहिले. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर प्रकाश असा पाडायचा की वाळवंट, बर्फ, समुद्र उभा राहावा, आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे, ही त्यांची खासियत. त्यांचे घर आता कलादालन आहे. मोठा कलावंत व्हायला मोठे शहरच लागते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

“पण आपल्यात चित्र चालतं का?”

हा प्रश्न आपल्या घरांत येतोच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सजीवांच्या चित्राबाबत उलेमांत एकमत नाही. कोणी सरसकट मना करतात, कोणी पूजेसाठी केलेली मूर्ती आणि शिक्षणासाठी काढलेले चित्र यांत फरक करतात, तर कोणी छायाचित्राला वेगळा नियम लावतात. प्रत्येक घराने आपल्या विश्वासाच्या आलिमाला विचारून हा निर्णय घ्यावा. मात्र विचारताना प्रश्न नेमका विचारावा. “चित्रकला शिकू का?” असे विचारण्यापेक्षा अभ्यासक्रमात काय काय आहे ते सांगावे. त्यात मानवाकृतीचा अभ्यास येतो हेही लपवू नये, आणि त्याच अभ्यासक्रमात अक्षर, भूमिती, वस्त्र, निसर्ग, मांडणी एवढे मोठे मैदान आहे हेही सांगावे.

हे मैदान किती मोठे आहे याची दोन उदाहरणे पाहा. दोन्ही मुस्लिम स्त्रिया, दोघींचा जन्म १९३७ चा. नसरीन मोहमेदी यांनी लंडनला शिक्षण घेतले, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अनेक वर्षे शिकवले, आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्या निवर्तल्या. शाई आणि पेन्सिलीच्या बारीक, सरळ, तिरप्या रेघा, एवढ्यावर त्यांचे सगळे काम उभे आहे. दुसऱ्या झरीना हाश्मी. अलीगढला गणिताची पदवी घेतलेल्या या बाई पुढे लाकडी ठशांच्या मुद्रणाकडे वळल्या. घर, उंबरठा, दार, सरहद्द हे त्यांचे विषय. त्यांच्या १९९९ च्या मालिकेत छत्तीस ठसे आहेत, आणि प्रत्येकासोबत एक उर्दू शब्द. घर सुटलेल्या माणसाचे दुःख त्यांनी एकही चेहरा न काढता सांगितले. आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत या दोघींची कामे आहेत.

रोजीरोटीचे काय?

दुसरा प्रश्न पोटाचा, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. खरे तेच सांगायला हवे. ए.टी.डी. झाले की शाळेत नोकरी, हे पूर्वीचे गणित आता बसत नाही, कलाशिक्षकांच्या जागा पूर्वीसारख्या भरल्या जात नाहीत. शहरातल्या पेंटरांचे कामही फ्लेक्सने नेले. ज्या घरात दोन पिढ्या दुकानांच्या पाट्या रंगवून चालल्या, तिथे आज ब्रश कोरडे पडलेले आहेत. उर्दू कातिबांचेही तसेच झाले. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नस्तालीक अक्षरांवरून ‘नूरी नस्तालीक’ हा संगणकी टाइप तयार झाला, आणि पुढच्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतला हाताने लिहिणारा कातिब नाहीसा होत गेला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. तो टाइप बनवायलाही सुंदर अक्षर काढणारा हातच लागला. आपण रोज संगणकावर जो ‘मंगल’ फाँट वाचतो, तो र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरकलावंताच्या हातून आला. काम संपत नाही, त्याची जागा बदलते. जळगावच्या सराफ बाजारात दागिन्याचा नमुना कोणीतरी आधी कागदावर किंवा पडद्यावर काढतोच. धुळ्याच्या यंत्रमागावर निघणाऱ्या कापडाला काठ आणि बुट्टी कोणीतरी रचतोच. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाचे खोके, बी-बियाण्यांची पिशवी, ॲनिमेशन, वेबसाइट, लग्नपत्रिका, घराची अंतर्गत सजावट, या सगळ्याला शिकलेला हात लागतो. त्यातले बरेच काम मुलगी घरी बसूनही करू शकते.

थोरामोठ्यांनीही हीच वाट चालली आहे. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले, आणि मुंबईत त्यांनी सिनेमाचे मोठाले फलक रंगवून आणि लहान मुलांच्या फर्निचरचे नमुने करून दिवस काढले. सय्यद हैदर रझा जंगल खात्यातल्या एका साध्या नोकरदाराचे चिरंजीव. शाळेत लक्ष लागेना म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक टिंब काढून त्याकडे पाहायला बसवले, असे ते सांगत. त्या टिंबाचाच पुढे ‘बिंदू’ झाला. नागपूरच्या कला शाळेत शिकून ते मुंबईला आले. तिथे एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करत ते जे. जे.त शिकले, आणि १९५० मध्ये फ्रान्सच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. अब्दुलरहीम अप्पाभाई आलमेलकर (१९२०–१९८२) हेही जे. जे.चेच. ठसठशीत रेघ आणि सपाट तेजस्वी रंगांत त्यांनी आदिवासी आणि कोळी जीवन रंगवले. मराठी मुलखातल्या या मुस्लिम चित्रकाराचे नाव आज आपल्याच घरांत किती जणांना आठवते?

सगळीच मुले रझा होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण हातात हुनर असलेले मूल उपाशी राहू नये, यासाठी घराने वेळेवर साथ द्यायची असते. वेळ हीच, शेवटच्या वर्षाची.

प्रदर्शनाला गेल्यावर काय पाहावे?

“आम्हाला त्यातलं काय कळतं” म्हणून मागे राहणाऱ्या आईवडिलांसाठी काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली : घाई करू नका. एका चित्रापुढे निदान पाच मिनिटे थांबा. “हे काय आहे?” यापेक्षा “हे कसं केलंस?” असे विचारा. कागद कुठला, रंग कुठला, किती दिवस लागले, किती वेळा पुसावे लागले. शिवणकाम करणाऱ्या अम्मीला आणि सुतारकाम करणाऱ्या अब्बांना या उत्तरातले पुष्कळ कळेल. मेहनतीची भाषा सगळ्या धंद्यांत एकच असते.

दुसरी : पहिल्या वर्षाचे आणि शेवटच्या वर्षाचे काम शेजारी ठेवून पाहा. रेघ ठाम झाली आहे का? रंग आपल्या मनाने निवडलेला दिसतो का, की सरांनी सांगितलेला? चार वर्षांत मूल किती पुढे आले, हे गुणपत्रिकेपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसते.

तिसरी : रेखाटनवह्या मागून घ्या. चौकटीतले चित्र पाहुण्यांसाठी असते, पण खरा अभ्यास वहीत असतो. बसस्टँडवरची गर्दी, बाजारातली केळीची गाडी, दादीचे हात असले काही वहीत सापडले तर समजा की मूल डोळे उघडे ठेवून जगते आहे.

चौथी : शिक्षकांशी एकांतात दहा मिनिटे बोला. याचा किंवा हिचा कल कशाकडे आहे, पुढे कोणता अभ्यासक्रम योग्य, कामांचा संच म्हणजे पोर्टफोलिओ कसा तयार करायचा, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत झाला आहे का, राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात काम पाठवता येईल का, हे विचारा. शिक्षकही अशा पालकांची वाट पाहत असतात.

पाचवी : प्रदर्शन उतरल्यावर कामाचे काय होते ते पाहा. फार वेळा ती चित्रे गुंडाळून पलंगाखाली जातात आणि पहिल्या पावसात त्यांना बुरशी येते. प्रत्येक कामाचा चांगला फोटो काढून ठेवायला सांगा, आणि घराच्या दर्शनी भिंतीवर एक तरी काम लावा. विचारानुसार निसर्गचित्र लावा, नक्षी लावा, सुलेखन लावा. पण लावा. बाजारातून आणलेल्या छापील फ्रेमपेक्षा लेकीच्या हातचे सुलेखन त्या भिंतीला जास्त शोभते.

घरी करून पाहा

सुट्टीत मुलांना घेऊन बसा. कंपासने एक वर्तुळ काढा. मध्यातून एक सरळ रेघ, तिला काटकोनात दुसरी. मग प्रत्येक काटकोन मधोमध दुभागा. वर्तुळावर सारख्या अंतराने आठ बिंदू मिळतील. त्यांना क्रमांक द्या. १, ३, ५, ७ जोडले की एक चौरस होतो, २, ४, ६, ८ जोडले की दुसरा. दोन चौरस एकमेकांत गुंतून आठ टोकांचा तारा तयार होतो. असाच तारा जगभरच्या मशिदींच्या जाळ्यांत आणि फरशांवर दिसतो. आता तेच वर्तुळ शेजारी शेजारी काढत जा, ताऱ्यांच्या मधल्या जागेत आपोआप नवे आकार उगवतील. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमते, आणि भूमितीची भीती जाते ती वेगळीच.

यंदा आपल्या गावाजवळ असे प्रदर्शन भरले की जा. आपले मूल तिथे शिकत नसले तरी जा, शेजारच्याचे शिकत असेल. जाताना लहान मुलांना न्या आणि दादीलाही न्या. अभिप्रायाच्या वहीत मराठीत, उर्दूत, अहिराणीत, येईल त्या भाषेत दोन ओळी लिहा. चार वर्षे खपून भिंतीवर आपले काम मांडणारी मुलगी दाराकडे पाहत उभी असते, तिला आपली माणसे आत येताना दिसली पाहिजेत.